बंदर कोणाचे? घरपट्टी कोणाची?

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल आणि त्याच्या आसपासची रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश ही नावे महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना आता परकी राहिलेली नाहीत. संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांच्या निमित्ताने पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची मुले तिकडे गेली, स्थिरावली आणि कर्ज काढून घरे घेऊन राहू लागली. त्या घरांची घरपट्टी किंग काउंटी नावाच्या जिल्ह्यात भरावी लागते. तिचा तपशील पाहिला तर शाळा, रस्ते, ग्रंथालये, अग्निशमन यांच्या रांगेत आणखी एक मानकरी उभा दिसतो. तो म्हणजे बंदर. समुद्रापासून कित्येक मैल आत, डोंगराच्या पायथ्याशी राहणारा गृहस्थही सिएटल बंदरासाठी दरवर्षी कर भरतो. त्याच्या दारी जहाज लागत नाही, तो आयात करीत नाही, निर्यातही करीत नाही. तरीही तो बंदराचा करदाता असतो.

ज्या देशाने जगाला ‘जो वापरेल तो मोल देईल’ हा मंत्र शिकविला, त्या देशातील एक मोठे व्यापारी बंदर शतकाहून अधिक काळ गृहस्थाच्या घरपट्टीचा आधार घेत आले आहे, ही गोष्ट आपल्याकडील मुक्त बाजाराच्या भाटांना बहुधा ठाऊक नसते; ठाऊक असली तरी ते सांगत नाहीत. म्हणूनच ही व्यवस्था जन्मली कशी, चालते कशी आणि घसरली कोठे, याचा विचार करणे अगत्याचे आहे. तिच्यात अनुकरणीय असे काही आहे आणि सावध करणारेही पुष्कळ आहे.

रेल्वे कंपन्यांच्या विळख्यातून

विसाव्या शतकाच्या आरंभी सिएटलचा किनारा जनतेचा नव्हता. किनाऱ्यालगतच्या मोक्याच्या जागा, धक्के आणि गोदामे यांवर बलाढ्य रेल्वे कंपन्यांची व खासगी मालकांची पकड होती. माल कोठे उतरावा, कोणत्या दराने उतरावा, कोणाच्या गाडीने पुढे जावा, हे सारे त्यांच्या सोयीने ठरे. शेतकरी, मच्छीमार आणि छोटे व्यापारी यांच्या हाती तक्रार करण्यापलीकडे काही नव्हते.

या मक्तेदारीविरुद्ध लोकमत पेटले. १९११ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने बंदर-जिल्ह्यांचा कायदा केला आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी किंग काउंटीच्या मतदारांनी सिएटल बंदराच्या स्थापनेला कौल दिला. त्या राज्यात स्त्रियांना मताधिकार मिळून तेव्हा जेमतेम वर्ष होत होते. या कौलात त्यांचाही वाटा होता. लष्करी अभियंता म्हणून नावाजलेले निवृत्त अधिकारी हायरम चिटेंडन हे पहिल्या तीन बंदर आयुक्तांपैकी एक. १९१४ मध्ये मच्छीमारांसाठी स्वतंत्र धक्का उभा राहिला. तो आजही त्याच नावाने ओळखला जातो.

बंदर लोकांचे करायचे, तर धक्के बांधण्यासाठी भांडवल हवे. नव्या संस्थेजवळ ना जहाजे होती, ना उत्पन्न. सावकाराने तिला कर्ज कशाच्या भरवशावर द्यायचे? तेव्हा कायद्याने तिला जिल्ह्यातील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्याचा अधिकार दिला. त्या कराच्या हमीवर कर्जरोखे निघाले आणि धक्के उभे राहिले. म्हणजे ही घरपट्टी मुळात मालकीची किंमत होती. मक्तेदाराच्या दाढेतून किनारा सोडविण्यासाठी जनतेने स्वतःहून स्वीकारलेला तो भार होता. यात लाजिरवाणे काही नाही, उलट अभिमान वाटावा असेच आहे.

प्रश्न निर्माण होतो तो पुढे. उभारणीसाठी घेतलेला आधार उभारणी झाल्यावर सुटला काय? याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

कराचे गणित

आज वॉशिंग्टन राज्यात अशा ७५ बंदर संस्था आहेत. सिएटल बंदराचा कारभार पाच आयुक्त पाहतात. ते साऱ्या काउंटीतून, पक्षचिन्हाविना, चार वर्षांसाठी निवडले जातात. पुढील वर्षाचा अर्थसंकल्प ठरविताना हेच आयुक्त घरपट्टीची रक्कमही निश्चित करतात. त्यासाठी दरवर्षी मतदारांकडे जावे लागत नाही.

कायद्याने या अधिकाराला दोन कुंपणे घातली आहेत. सर्वसाधारण कामांसाठीचा कर मालमत्तेच्या दर हजार डॉलर मूल्यामागे ४५ सेंटपेक्षा अधिक असता कामा नये, हे पहिले. एकूण वसुलीची कमाल मर्यादा, नव्या बांधकामांची भर वगळता, वर्षाला १ टक्क्याहून अधिक वाढू नये, हे दुसरे. त्यामुळे घरांच्या किमती भडकल्या म्हणून बंदराची वसुली आपोआप भडकत नाही. मूल्य वाढते तसा दर उतरतो. अलीकडच्या वर्षांत तो हजार डॉलरमागे दहा-बारा सेंटच्या आसपास राहिला. म्हणजे १० लाख डॉलरच्या घरामागे वर्षाला शंभर-सव्वाशे डॉलर. एकूण वसुली २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत प्रत्येकी ७ कोटी २० लाख डॉलर होती. पुढे ती चढत गेली आणि २०२२ मध्ये ८ कोटींच्या पलीकडे पोहोचली.

‘एवढ्याशा रकमेचा एवढा गवगवा कशाला?’ असे बंदराचे समर्थक विचारतात. घरपट्टीच्या एकूण देयकात बंदराचा वाटा शंभरातील एखाद-दुसऱ्या डॉलरचा आहे, हे खरे. पण सार्वजनिक पैशाच्या बाबतीत रक्कम लहान असणे हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. उलट लहान रक्कमच सर्वाधिक काळ टिकते, कारण तिच्याविरुद्ध कोणी उठत नाही. मोठ्या कराविरुद्ध मोर्चा निघतो. लहान कर वहिवाट होऊन बसतो.

पैसा जातो कोठे?

सिएटल बंदर म्हणजे केवळ जहाजांचे बंदर नव्हे. सिएटल-टकोमा हा आंतरराष्ट्रीय विमानतळही त्याच संस्थेचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, बंदराने तो उभारण्याची जबाबदारी घेतली. आज या संस्थेच्या कमाईचा मोठा भाग विमानतळाचा आहे. सामान्य माणसास वाटेल की विमानतळाच्या कमाईतून जहाजबंदराची तूट भरून निघत असेल. तसे करता येत नाही. विमानतळाचे उत्पन्न विमानतळाबाहेर वळविण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई आहे. परिणामी घरातला कमावता हात एका खोलीत आणि गरज दुसऱ्या खोलीत, मधले दार मात्र बंद, अशी स्थिती आहे. विमानतळ आपल्या शुल्कावर चालतो. जहाजबंदर आणि सार्वजनिक कामे यांच्यासाठी गृहस्थाचे दार ठोठावले जाते.

घरपट्टीतील मोठा भाग कर्जरोख्यांचे व्याज व मुद्दल फेडण्यात जातो. उरलेला दूषित किनारपट्टीची सफाई, रस्ते व पुलांना हातभार, स्थानिक विकासाच्या योजना अशा कामांवर खर्च होतो. सिएटलच्या समुद्रकिनाऱ्यावरील जुना उन्नत मार्ग पाडून त्याजागी बोगदा करण्यात आला आणि तो २०१९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्या प्रकल्पासाठी बंदराने ३० कोटी डॉलरपर्यंतचा वाटा उचलण्याचे आश्वासन दिले होते. डुवामिश नदीच्या मुखाकडील प्रवाह शतकभराच्या कारखानदारीने इतका नासला की २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वाधिक प्रदूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली. त्याच्या शुद्धीकरणाचा भार शहर, काउंटी आणि बोइंग कंपनी यांच्याबरोबर बंदरावरही आहे. विमानांच्या घरघराटाखाली राहणाऱ्या दक्षिणेकडील वस्त्यांसाठी बंदराने १ कोटी डॉलरचा निधी ठेवला, तोही या करातूनच.

यांतील कित्येक कामे निःसंशय लोकहिताची आहेत. नदी शुद्ध झाली तर लाभ साऱ्यांचा. मालमोटारींच्या रांगांतून शहर मोकळे झाले तर तेही साऱ्यांचेच हित. अशा कामाला जनतेने पैसा द्यावा, यात अन्याय नाही. परंतु त्याच थैलीतून व्यापारी धक्क्यांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्तेही जातात, तेव्हा गृहस्थाचा डॉलर नदीसाठी गेला की जहाज कंपनीच्या सोयीसाठी, हे त्याच्या देयकावरून कळत नाही. त्याच्यापुढे येते ती एकच ओळ आणि एकच आकडा. कीड शिरते ती या एका ओळीत.

दोन बंदरांचे भांडण, लाभ तिसऱ्याचा

सिएटलच्या दक्षिणेस, मोटारीने तासाभराच्या अंतरावर टकोमाचे बंदर आहे. तेही सार्वजनिक, तेही आपल्या काउंटीतील गृहस्थांकडून कर घेणारे. एकाच खाडीवरची ही दोन बंदरे कित्येक दशके परस्परांची गिऱ्हाईके पळविण्याच्या स्पर्धेत होती. २०१२ मध्ये जहाज कंपन्यांच्या एका मोठ्या गटाने आपला मुक्काम सिएटलहून टकोमाला हलविला. एका काउंटीच्या करदात्यांनी पोसलेला धक्का ओस पडला आणि दुसऱ्या काउंटीच्या करदात्यांनी पोसलेला धक्का गजबजला. साऱ्या प्रदेशाच्या व्यापारात या स्थलांतराने एका पेटीचीही भर पडली नाही.

या स्पर्धेत जिंकले कोण? सिएटलचा गृहस्थ नव्हे आणि टकोमाचा तर मुळीच नव्हे. बाजारातल्या दोन भाजीवाल्या बहिणी एकमेकींपेक्षा स्वस्त विकण्याच्या ईर्ष्येला पेटल्या आणि दोघींची तूट वडिलांच्या निवृत्तिवेतनातून भरली जाऊ लागली, तर चैन कोणाची होईल? गिऱ्हाइकाची. येथे गिऱ्हाईक होत्या जगभर पसरलेल्या जहाज कंपन्या. ज्यांचे नफे परदेशातील ताळेबंदांत जमा होतात, त्यांच्याशी भाड्याची घासाघीस करताना बंदराच्या पाठीशी घरपट्टीची उशी असली, की भाडे कमी करण्याचा मोह अनावर होतो. तोटा सोसणारा खोलीत हजर नसतो ना!

शहाणपण आले, पण उशिरा. उत्तरेकडे कॅनडाच्या बंदरांनी माल ओढण्यास सुरुवात केली, तेव्हा कोठे २०१५ मध्ये सिएटल आणि टकोमा यांनी आपला सागरी मालवाहतुकीचा व्यवसाय एकत्र केला. हे एकत्रीकरण स्वागतार्हच होते. परंतु त्यानंतरही दोन्ही काउंट्यांत स्वतंत्र कर कायम राहिले. स्पर्धेच्या काळात जो कर ‘टिकून राहण्यासाठी’ आवश्यक होता, तो ऐक्याच्या काळात ‘भविष्यातील गुंतवणुकीसाठी’ आवश्यक ठरला. कारण बदलले, वसुली बदलली नाही.

मत आहे, लक्ष नाही

येथे समर्थक आपला हुकमी युक्तिवाद पुढे करतात. आयुक्त लोकनियुक्त आहेत, सभा खुल्या आहेत, कर लोकांना नको असेल तर त्यांनी आयुक्त बदलावेत. हा युक्तिवाद वजनदार आहे, तो उडवून लावता येणार नाही. निवडून आलेल्या हातांनी कर बसविणे आणि दूरच्या मंत्रालयाने तो लादणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

परंतु मताधिकार म्हणजे देखरेख नव्हे. बावीस लाखांहून अधिक वस्तीच्या काउंटीत महापौर, शाळा, पोलीस यांच्या निवडणुकांच्या गदारोळात बंदर आयुक्ताचे नाव किती जणांच्या लक्षात राहत असेल? लोक जेथे पाहत नाहीत, तेथे काय होते याचा दाखला २००७ मध्ये मिळाला. त्यापूर्वी दोनच वर्षे, २००५ मध्ये, राज्यातील मतदारांनी सार्वजनिक संस्थांच्या कामगिरीची तपासणी करण्याचा अधिकार राज्य लेखापालास दिला होता. तत्कालीन राज्य लेखापाल ब्रायन सॉनटॅग यांनी तो सिएटल बंदराच्या बांधकामांवर चालविला. स्पर्धात्मक निविदांना बगल, ढिले करारनामे आणि दुबळी देखरेख यांपायी ९ कोटी ७२ लाख डॉलर वाया गेल्याचा निष्कर्ष त्यांच्या अहवालाने काढला. त्या काळातील बंदराच्या एका वर्षाच्या संपूर्ण घरपट्टीपेक्षा ही रक्कम मोठी होती. त्यातील मोठी कामे विमानतळाची होती आणि तेथे घरपट्टी वापरली जात नाही, हे मान्य केले तरी संस्था तीच, आयुक्त तेच आणि अधिकारीही तेच होते. एका हातात शिस्त नसेल, तर दुसऱ्या हाताने ती पाळली जात असेल असे कोणत्या विश्वासावर मानायचे?

लक्षात घेण्यासारखे हे की, हे बिंग निवडणुकीने फोडले नाही. ते फोडले बाहेरच्या, स्वतंत्र आणि कायद्याने बळ दिलेल्या तपासणीने.

दुसरा मार्ग होता, आहे

घरपट्टीविना बंदर चालत नाही, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या विशाल बंदर प्राधिकरणास कर बसविण्याचा अधिकारच नाही. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही पश्चिम किनाऱ्यावरील दोन महाकाय बंदरे आपल्या भाड्यावर व शुल्कावर चालतात. टेक्सासमधील ह्यूस्टनचे बंदर घरपट्टी घेते, पण तेथील रीत निराळी आहे. तेथे हा कर मतदारांनी कौल देऊन मंजूर केलेल्या रोख्यांची फेड करण्यापुरताच असतो. २००७ मध्ये त्या बंदरास विस्तारासाठी २५ कोटी डॉलर हवे होते, तेव्हा ते मतदारांपुढे गेले आणि मंजुरी घेऊन आले. काम ठरलेले, रक्कम ठरलेली, फेड झाली की भार संपला. ह्यूस्टनचे आयुक्त मात्र लोकनियुक्त नसून नेमलेले असतात.

दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की उणीव नेमकी दिसते. सिएटलमध्ये माणसे निवडता येतात, पण कर्जावर दरवेळी कौल मागितला जात नाही. ह्यूस्टनमध्ये कर्जावर कौल घेतला जातो, पण माणसे निवडता येत नाहीत. दोन्ही गोष्टी एकत्र असाव्यात, असे मात्र दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांना वाटलेले दिसत नाही.

उपदेश इतरांना

नव्वदच्या दशकापासून आपल्या देशाला बंदर-सुधारणांचे धडे देण्याची अहमहमिका लागली. जागतिक बँकेने २००१ मध्ये बंदर-सुधारणांची मार्गदर्शिकाच प्रसिद्ध केली. सरकारने जमिनीचा मालक म्हणून मागे राहावे आणि टर्मिनल खासगी कंपन्यांनी चालवावीत, हे प्रतिमान सर्वत्र सांगितले गेले. या प्रतिमानात गुण नाहीत असे नव्हे. सिएटल स्वतः त्याच पद्धतीने चालते. पण आपल्याकडे ते ज्या उत्साहाने मांडले गेले, त्या उत्साहात एक गोष्ट सांगायची राहून गेली. अमेरिकेत त्या ‘मागे राहिलेल्या मालका’च्या पाठीशी कधी कधी लाखो गृहस्थांची घरपट्टी उभी असते. बाजाराचे तत्त्वज्ञान निर्यातीसाठी आणि सार्वजनिक आधार घरासाठी, अशी ही वाटणी आहे.

२००६ चा प्रसंग तर याहून बोलका आहे. पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी दुबईच्या डीपी वर्ल्डने विकत घेतली. त्या व्यवहारात अमेरिकेतील काही बंदरांचे टर्मिनल परकीय सत्तेच्या कंपनीकडे जाणार, हे कळताच अमेरिकेच्या संसदेत असा गदारोळ उठला की डीपी वर्ल्डला तो भाग एका अमेरिकी कंपनीला विकून मोकळे व्हावे लागले. त्याच व्यवहारात आपल्या न्हावा-शेवा येथील टर्मिनलही डीपी वर्ल्डकडे गेले. येथे त्या तोडीची चर्चा झाली नाही. अमेरिकेने घेतलेला निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय. पण बंदर ही निव्वळ बाजारातील वस्तू नसून राष्ट्राची मालमत्ता आहे, हे त्या देशाला कोणी शिकवावे लागले नाही. आपणच ते विसरावे काय?

परंपरेतील भेदरेषा

बंदराचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न भारताला नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नौकांचा कारभार पाहणाऱ्या नावध्यक्षावर स्वतंत्र अध्याय आहे. समुद्र व नद्यांच्या काठच्या गावांनी ठराविक कर द्यावा आणि व्यापाऱ्यांनी बंदरातील रिवाजाप्रमाणे शुल्क द्यावे, अशी विभागणी तेथे केली आहे. वादळात सापडून आलेल्या नौकेला पित्याप्रमाणे सांभाळावे आणि पाण्याने माल भिजला असेल तर शुल्क निम्मे करावे किंवा सोडावे, असेही सांगितले आहे. म्हणजे काठावरच्या रहिवाशाने काहीच देऊ नये, असे आपली परंपरा म्हणत नाही. पण त्याचा वाटा ठरलेला आहे आणि व्यापाऱ्याचा वाटा वेगळा आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण याहून स्पष्ट बोलते. आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या उत्पन्नातून करून द्यावी. ती बंदरांच्या उत्पन्नावर लावू नये, अन्यथा सावकारांना उपद्रव होऊन बंदरेच बुडतील, असा त्या उपदेशाचा आशय आहे. समुद्राचे रक्षण हे साऱ्या राज्याचे काम आहे, म्हणून त्याचा भार साऱ्या मुलखावर. व्यापाराचा व्यवहार वेगळा, त्याची पैदासही वेगळी. हिंदवी स्वराज्याच्या मुत्सद्द्याने ही भेदरेषा तीन शतकांपूर्वी आखली. लोकरक्षणाचा भार लोकांवर आणि व्यापाराचा भार व्यापारावर, हेच तिचे सूत्र. सिएटलच्या एका ओळीत ही रेषा पुसली गेली आहे, हाच त्या व्यवस्थेवरचा मुख्य आक्षेप आहे.

आपल्या दारी

मग आपल्याकडे सारे आलबेल आहे काय? आपल्या घरपट्टीच्या देयकात बंदराची ओळ नाही, म्हणून समाधान मानणे भाबडेपणाचे ठरेल. ओळ नसणे म्हणजे भार नसणे नव्हे. भार असतो, फक्त तो दिसत नाही.

सेतुसमुद्रम् प्रकल्पाचे उदाहरण घ्या. २,४२७ कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचा शुभारंभ जुलै २००५ मध्ये झाला. त्यासाठी काढलेल्या कंपनीत तुतिकोरिन, चेन्नई, विशाखापट्टणम्, पारादीप अशा सार्वजनिक बंदरांचे भागभांडवल घालण्यात आले. रामसेतूविषयीच्या कोट्यवधींच्या श्रद्धेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी निव्वळ पैशाचा प्रश्न उरतोच. ऑगस्ट २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेतूला धक्का लावण्यास मनाई केली. पुढे काम थांबले, ते कायमचेच. तोवर साडेसातशे कोटींहून अधिक रुपये समुद्राच्या तळाशी गेले होते. हा पैसा कोणाचा होता? त्यासाठी कोणा नागरिकाला विचारले गेले? सिएटलच्या गृहस्थाला निदान देयकातील ओळीवर बोट ठेवून जाब विचारता येतो. येथे बोट ठेवायला ओळच नव्हती.

मुंबईचे उदाहरण त्याहून जवळचे. खासगी कंपनीच्या हातातील किनारा व गोदी शासनाने विकत घेतली आणि १८७३ मध्ये मुंबई बंदराचा विश्वस्त कारभार सुरू झाला. अर्थात, किनारा खासगी पकडीतून सोडविण्याचा प्रश्न मुंबईलाही सिएटलच्या आधी पडला होता. फरक एवढाच की तेथे निर्णय मतदारांनी घेतला आणि येथे परकीय सरकारने. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील सुमारे अठराशे एकर जमीन या बंदराकडे आली. ज्या नगरीत चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे, तेथील या भूमीचे भाडे किती येते, किती थकले आहे, कोणती जागा कोणाकडे आणि कोणत्या अटीवर आहे, हे सामान्य मुंबईकराला एका दृष्टिक्षेपात कळेल असे पत्रक दरवर्षी त्याच्या हाती पडते काय? २०२१ च्या महापत्तन प्राधिकरण कायद्याने बंदरांच्या मंडळांना दर ठरविण्याचे आणि मालमत्ता वापरण्याचे व्यापक अधिकार मिळाले. अधिकार वाढविणे योग्यच होते. अधिकार वाढतात त्या प्रमाणात उत्तरदायित्वही वाढले पाहिजे, ही मागणीही तितकीच योग्य आहे.

आता पालघर जिल्ह्यात वाढवणचे महाबंदर आकारास येत आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. राष्ट्राच्या सागरी सामर्थ्याच्या दृष्टीने या बंदराचे महत्त्व वादातीत आहे. पण महाराष्ट्राची जनता येथे सव्वीस टक्क्यांची मालक आहे, हेही विसरता कामा नये. मालकाला हिशेब मिळालाच पाहिजे. किनाऱ्यावरील मच्छीमारांचे पुनर्वसन, रस्ते, पर्यावरण यांवरचा खर्च हा लोककार्याचा. टर्मिनल आणि धक्के यांवरचा खर्च व्यापाराचा. या दोन वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात. धक्क्यावरील सवलतीची भरपाई मच्छीमाराच्या वहीतून होऊ नये आणि मच्छीमाराचे देणे ‘धंदा बसला नाही’ या सबबीखाली बुडू नये. पुढे कधी कोणी सल्लागार सिएटलचा दाखला देऊन आसपासच्या घरांवर बंदरासाठी अधिभार सुचवील, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. हा पैसा कोणत्या कामासाठी? किती वर्षांसाठी? कोणाच्या संमतीने? आणि तपासणार कोण? चारांपैकी एकाचेही उत्तर अडखळत आले, तर तो अधिभार नाकारावा.

घरपट्टी हा केवळ पैसा नव्हे. आयुष्यभराच्या कष्टातून उभ्या केलेल्या छपराखालून तो येतो आणि शासनावरील विश्वासाने दिला जातो. सिएटलच्या १९११ च्या मतदारांनी तो विश्वास मक्तेदारी मोडण्यासाठी दिला आणि त्यांचे ते कृत्य थोरच होते. त्यांच्या वारसांना तो कर का भरतो आहोत, हेच विचारण्याची सवय राहिली नाही, ही त्या थोर कृत्याची शोकांतिका आहे. सार्वजनिक मालकी एकदा मिळवून भागत नाही. ती प्रतिवर्षी हिशेब मागून राखावी लागते. जो समाज हिशेब मागण्याचे विसरतो, त्याचे बंदर कागदोपत्री त्याचेच राहते, पण लाभाची जहाजे दुसऱ्याच्याच दारी लागतात.